गौरव आणि सत्य : कॅप्टन साठे यांचे स्मरण

मालवण तालुक्यातील तोंडवली ते तळाशील हा किनारा म्हणजे वाळूची एक चिंचोळी पट्टी आहे. एका अंगाला अरबी समुद्र, दुसऱ्या अंगाला गड नदीची खाडी आणि मधल्या माडांच्या सावलीत वसलेली घरे. पाण्याच्या इतक्या निकट राहणाऱ्या माणसांना चुकीला जागा किती थोडी असते हे पुस्तकातून शिकावे लागत नाही. अशा गावांत तांडेलाला मान असतो. होडीवर त्याचा शब्द अखेरचा मानला जातो. परंतु त्याची थोरवी त्याने किती वेळा उसळत्या लाटांत होडी घातली यावरून ठरत नाही. खाडीचे मुख खवळलेले दिसताच घराचा दिवा समोर दिसत असूनही जो दुसऱ्या बंदराचा आसरा घेतो, तो तांडेल शहाणा. त्याच्या हातून एखादे दिवशी चूक झाली, तर तिची चर्चाही किनाऱ्यावर होते. कारण दुसऱ्या दिवशी दुसऱ्या कुणाला तरी त्याच पाण्यात जायचे असते.

आकाशातील कप्तानाच्या बाबतीत मात्र समाजाला हा विवेक राहत नाही. विमान कोसळले की पहिल्या दिवशी वैमानिकाला देवत्व मिळते आणि चौकशीचा अहवाल आला की त्यालाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले जाते. या दोन टोकांच्या मध्ये सत्य कोठे असते आणि एका गुणी वैमानिकाचे स्मरण प्रामाणिकपणे कसे करावे, हा प्रश्न कॅप्टन दीपक वसंत साठे यांच्या निमित्ताने मराठी समाजापुढे उभा राहिला आणि त्याचे उत्तर न देताच समाज पुढे निघून गेला.

७ ऑगस्ट २०२० च्या सायंकाळी एअर इंडिया एक्स्प्रेसचे बोइंग ७३७ जातीचे विमान दुबईहून केरळमधील कोळिकोडच्या करिपूर विमानतळावर उतरत होते. करोनाच्या साथीमुळे परदेशांत अडकून पडलेल्या भारतीयांना परत आणण्याच्या ‘वंदे भारत’ मोहिमेतील ते उड्डाण होते. विमानात १८४ प्रवासी आणि सहा कर्मचारी होते. मुसळधार पावसात विमान धावपट्टीवर टेकले, ओल्या धावपट्टीवरून पुढे गेले आणि पठाराच्या कडेवरून खाली कोसळून त्याचे तुकडे झाले. कॅप्टन साठे, सहवैमानिक अखिलेश कुमार आणि १९ प्रवासी असे एकवीस जण मरण पावले. विमानाला आग लागली नाही, त्यामुळे बहुसंख्य प्रवासी वाचले. साथीचे भय बाजूला सारून आसपासचे ग्रामस्थ भर पावसात धावले आणि जखमींना मिळेल त्या वाहनातून त्यांनी रुग्णालयांत पोहोचविले, ही त्या काळरात्रीची उजळ बाजू होती.

साठे यांचे नाव त्या रात्रीपूर्वी सर्वसामान्य वाचकाला ठाऊक नव्हते; परंतु वैमानिकांच्या वर्तुळात ते आदराने घेतले जात होते. ते नागपूरचे. घराण्यात लष्करी परंपरा. वडील लष्करात अधिकारी होते आणि एका भावाला लष्करी सेवेत असतानाच मृत्यू आला होता. राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीतून बाहेर पडून साठे हवाई दलाच्या प्रबोधिनीत गेले आणि १९८१ साली तेथून उत्तीर्ण होताना त्यांना मानाची तलवार मिळाली. हवाई दलात त्यांनी २२ वर्षे काढली आणि चाचणी वैमानिक म्हणूनही काम केले. नव्वदीच्या दशकाच्या आरंभी एका अपघातात ते जबर जखमी झाले होते आणि पुन्हा विमान चालवू शकतील अशी आशा थोड्यांनाच होती. केवळ निर्धाराच्या बळावर ते परतले, असे त्यांच्या आप्तांनी त्यांच्या निधनानंतर सांगितले. २००३ साली हवाई दल सोडल्यावर ते एअर इंडियात आले. तेथे प्रथम एअरबस आणि पुढे एअर इंडिया एक्स्प्रेसमध्ये बोइंग अशी त्यांची वाटचाल झाली. सहकाऱ्यांशी सौजन्याने वागणारा, हाताखालच्यांना धीर देणारा अधिकारी अशी त्यांची ख्याती होती. जवळजवळ चार दशके आकाशात घालविलेल्या या माणसाविषयी वाटणारा जिव्हाळा कृत्रिम नव्हता.

अशा माणसाचा अंत या रीतीने झाल्यावर लोकांच्या मनाने आपली एक कथा रचावी, हे समजण्याजोगे आहे. विमानाची चाके उघडली नव्हती, इंधन संपावे म्हणून कप्तानाने मुद्दाम घिरट्या घातल्या आणि स्वतःचा प्राण देऊन प्रवाशांना वाचविले, असा मजकूर दोन-तीन दिवसांतच घरोघरच्या भ्रमणध्वनींवर फिरू लागला. तो वाचून अनेकांचे डोळे पाणावले. शाळांतून, कचेऱ्यांतून तो मोठ्याने वाचला गेला. परंतु शोकाच्या भरात जन्मलेल्या या कथेला पुढे पुराव्याचा आधार मिळाला नाही. चाके व्यवस्थित उघडली होती. विमान एकदा उतरण्याचा प्रयत्न सोडून पुन्हा वर गेले होते, ते पावसामुळे. इंधन संपविण्यासाठी नव्हे.

विमान अपघात अन्वेषण विभागाचा अहवाल सप्टेंबर २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला आणि वारे उलट दिशेने वाहू लागले. अहवालाने अपघाताचे संभाव्य कारण स्पष्ट शब्दांत नोंदविले आहे. विमान चालविणाऱ्या वैमानिकाने ठरलेली कार्यपद्धती पाळली नाही. उतरण्याचा मार्ग अस्थिर झालेला असतानाही प्रयत्न चालू ठेवला आणि विमान धावपट्टीच्या नेमलेल्या भागात न टेकता जवळजवळ निम्मी धावपट्टी मागे टाकून टेकले. आकड्यांत सांगायचे तर ८,८५८ फूट लांबीच्या धावपट्टीवर ते आरंभापासून ४,४३८ फुटांवर टेकले. वारा पाठीमागून होता. सहवैमानिकाने ‘गो अराउंड’ असे म्हटले होते. विमान पुन्हा वर न्या, उतरू नका, असा त्या दोन शब्दांचा अर्थ असतो आणि ते उच्चारले गेल्यावर उतरण्याचा प्रयत्न सोडणे बंधनकारक असते. तसे झाले नाही. सहवैमानिकानेही नियंत्रण स्वतःच्या हाती घेतले नाही. इंधन पुरेसे होते आणि दुसऱ्या विमानतळाकडे वळणे शक्य होते.

वृत्तपत्रांच्या मथळ्यांना एवढे पुरे झाले. ‘वैमानिकाची चूक’ या दोन शब्दांत प्रकरण मिटले. पहिल्या दिवशीचा देवमाणूस आता दोषी ठरला आणि ज्यांनी त्याच्यावर अश्रू ढाळले होते त्यांनी एक तर अहवाल वाचलाच नाही किंवा तो मृत माणसावर दोष ढकलणारा म्हणून झिडकारला. दोन्ही पक्षांनी अहवालाची उरलेली पाने उघडली नाहीत, आणि खरे शिकण्यासारखे तर तेथेच होते.

त्या पानांत काय आहे? कप्तानासमोरच्या काचेवरील पाणी पुसणारा वायपर पहिल्या प्रयत्नात काही सेकंद चालून बंद पडला आणि दुसऱ्या खेपेस त्याची गती मंद होती. उड्डाणासाठी निघणाऱ्या दुसऱ्या एका विमानाच्या सोयीसाठी धावपट्टीची दिशा घाईने बदलली गेली. पावसात, ओल्या पट्टीवर, पाठच्या वाऱ्यात उतरणाऱ्या विमानावर त्याचा काय परिणाम होईल याचा विचार झाला नाही. नियंत्रण मनोऱ्यात हवामान अधिकारी त्या वेळी हजर नव्हता. आणि सर्वांत बोलकी नोंद मनुष्यबळाची आहे. कोळिकोडच्या तळावर २६ सहवैमानिकांमागे कप्तान एकच नेमलेला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी तेथून निघणारे उड्डाण साठे यांच्याकडे होते. ते दुसरीकडे उतरले असते तर ते उड्डाण खोळंबले असते. कोळिकोडलाच उतरण्याची त्यांची ओढ यातून आली असावी, असा अहवालाचा निष्कर्ष आहे आणि कप्तानांच्या या टंचाईचा दोष त्याने कंपनीच्या चुकीच्या मनुष्यबळ धोरणावर ठेवला आहे.

याचा अर्थ कसा लावावयाचा? कप्तानाची चूक नव्हतीच असे म्हणणे हा मृतांचा अवमान ठरेल. त्या एकोणीस प्रवाशांच्या घरांनाही सत्याचा अधिकार आहे. परंतु ती चूक म्हणजे निष्काळजी माणसाचा बेजबाबदारपणा नव्हता. ती कर्तव्यदक्ष माणसाची चूक होती. दुसऱ्या दिवशीचे काम अडू नये, प्रवाशांना त्यांच्या घरापाशीच उतरवावे, ही सवय ज्या सद्गुणांतून येते त्याच सद्गुणांनी तो मोह निर्माण केला. दीर्घ अनुभव असलेल्या माणसाला आजवर जमले ते याही वेळी जमेल असे वाटते, आणि बहुतेक वेळा ते जमतेही. म्हणूनच अनुभवाला नियमाचे कुंपण लागते. वाईट वैमानिकापासून प्रवाशांना वाचविणे सोपे असते. त्याला घरी पाठविता येते. चांगल्या वैमानिकाला त्याच्या एका वाईट क्षणापासून वाचविणे हे व्यवस्थेचे खरे काम आहे, आणि करिपूरला व्यवस्थेने तो क्षण टाळण्याऐवजी जवळ आणला.

मराठी वाचकाला निखळ वीरगाथा हवी असेल तर तीही आपल्या विमानसेवेच्या इतिहासात आहे. ११ एप्रिल १९५५ रोजी एअर इंडियाचे ‘काश्मीर प्रिन्सेस’ हे विमान बांडुंग परिषदेसाठी निघालेल्या प्रतिनिधींना घेऊन हाँगकाँगहून जाकार्ताकडे जात असताना घातपाती स्फोटाने पेटले. कॅप्टन दामोदर काशिनाथ जटार यांनी जळते विमान समुद्रापर्यंत नेले. ते स्वतः आणि अन्य पंधरा जण वाचले नाहीत. मात्र सहवैमानिक दीक्षित, मार्गदर्शक पाठक आणि अभियंते अनंत कर्णिक हे तिघे वाचले. जटार यांना मरणोत्तर अशोक चक्र मिळाले. तेथे शत्रू बाहेरचा होता आणि कप्तानाच्या निर्णयात कसलाही संदेह नव्हता. करिपूरची घटना त्या जातीची नाही. तिला जटारांच्या साच्यात बसविण्याचा अट्टहास केला, तर जटारांच्या शौर्याचे मोल कमी होते आणि साठे यांच्या मृत्यूतून मिळणारा धडाही हातचा जातो.

हा धडा हातचा जाऊ दिल्याचा इतिहास जुना आहे. २२ मे २०१० रोजी याच कंपनीचे याच जातीचे विमान मंगळूरच्या पठारावरील धावपट्टीवरून असेच पुढे गेले आणि १५८ माणसे मरण पावली. निवृत्त एअर मार्शल भूषण गोखले यांच्या अध्यक्षतेखालील चौकशी न्यायालयाने काढलेला निष्कर्ष आज वाचला तर तो करिपूरविषयीच लिहिला आहे की काय असे वाटावे. उतरण्याचा मार्ग अस्थिर होता, सहवैमानिकाने तीनदा परत वर जाण्यास सुचविले आणि कप्तानाने ते ऐकले नाही. दहा वर्षांच्या अंतराने तेच शब्द, तीच धावपट्टीची कड.

जगाच्या पाठीवरही हा प्रकार नवा नाही. २७ मार्च १९७७ रोजी टेनेरिफ बेटावर दोन प्रचंड जंबो विमानांची धुक्यात टक्कर होऊन ५८३ माणसे मरण पावली. त्यांतील डच विमानाचा कप्तान हा त्या कंपनीचा नामांकित प्रशिक्षक होता. कंपनीच्या जाहिरातींत त्याचे छायाचित्र झळकत असे. समोरचे विमान धावपट्टीवरून दूर झाले आहे ना, अशी शंका त्याच्या विमानातील अभियंत्याने बोलून दाखविली होती. थोरामोठ्याच्या आत्मविश्वासापुढे ती टिकली नाही. या अपघाताने विमानसेवांना एक नवे शास्त्र शिकविले. कक्षातील कनिष्ठाने निःसंकोच बोलावे आणि ज्येष्ठाने ऐकून घ्यावे, याचे रीतसर शिक्षण जगभर सुरू झाले. ते भारतातही दिले जाते. पण शिक्षणवर्गात शिकलेले बोलणे पावसाळी रात्री, मानाच्या तलवारीचा धनी शेजारी बसलेला असताना, ओठांवर आले तरी हातात उतरत नाही. तो हात उतरण्यासाठी नियमापेक्षा अधिक काही लागते. ती संस्कृती समाजातून यावी लागते.

आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या नियमावलीत चौकशीचा एकच हेतू सांगितला आहे : पुन्हा अपघात होऊ नये. दोष वा उत्तरदायित्व वाटून देणे हा चौकशीचा हेतू नव्हे, असे तेथे स्पष्ट म्हटले आहे. आपल्याकडे मात्र चौकशी म्हणजे निवाडा, असेच मानले जाते. १२ जून २०२५ रोजी अहमदाबादेत एअर इंडियाचे लंडनला जाणारे विमान कोसळून विमानातील २४१ आणि जमिनीवरील १९ जण मरण पावले. त्याचे कप्तान सुमीत सभरवाल हे मुंबईचे, पंधरा हजारांहून अधिक तासांचा अनुभव असलेले. महिन्याभरात प्राथमिक अहवाल आला. दोन्ही इंजिनांचे इंधन बंद करणारे खटके एका सेकंदाच्या अंतराने बंद स्थितीत गेले आणि एका वैमानिकाने दुसऱ्याला त्याविषयी विचारले, एवढी नोंद त्यात होती. खटके का सरकले याचा निर्णय त्यात नव्हता. तरीही अंतिम निष्कर्षाची वाट न पाहता देशी-विदेशी माध्यमांतून मृत कप्तानाकडे बोटे दाखविली गेली. अखेर त्यांच्या वृद्ध पित्याला सर्वोच्च न्यायालयात जावे लागले आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये न्यायालयाला त्यांना धीर द्यावा लागला. ज्या समाजाला पूर्ण अहवाल वाचण्याचा संयम नाही, त्याला वैमानिकाचा गौरव करण्याचाही अधिकार उरत नाही.

हा प्रश्न सिंधुदुर्गाला आता परका राहिलेला नाही. ९ ऑक्टोबर २०२१ रोजी, करिपूरचा अहवाल येऊन महिनाही झाला नसताना, परुळे-चिपी येथील विमानतळाचे उद्घाटन झाले. तोही जांभ्या दगडाच्या सड्यावर वसलेला आहे, त्याची धावपट्टी २,५०० मीटरची आहे आणि कोकणचा पाऊस मलबारच्या पावसाचा सख्खा भाऊ आहे. गणपतीसाठी घराकडे निघालेला चाकरमानी मुंबईहून विमानात बसतो तेव्हा चतुर्थीला पोहोचलेच पाहिजे ही त्याची ओढ असते. ढग सड्यावर उतरले आणि विमान रद्द झाले वा उतरता उतरता वर जाऊन दुसरीकडे निघाले, की प्रवाशांचा संताप अनावर होतो. तोंडवलीच्या घरी आरती खोळंबलेली असते; विमान कंपनीला नावे ठेवली जातात, सेवेच्या भरवशाची चेष्टा होते. सेवा वारंवार खंडित होते तेव्हा ती तक्रार रास्तही असते. परंतु पावसामुळे माघारी वळलेल्या विमानाच्या कप्तानाला नावे ठेवताना, उद्याच्या एखाद्या कप्तानावरील दडपणात आपणही भर घालीत आहोत, हे प्रवाशाच्या ध्यानात येत नाही. करिपूरला दुसऱ्या दिवशीच्या उड्डाणाने जे केले, ते येथे प्रवाशांची नाराजी करू शकते.

म्हणून कंपन्यांकडे आणि शासनाकडे मागावयाच्या गोष्टी ठरलेल्या आहेत. प्रत्येक तळावर पुरेसे कप्तान असावेत, म्हणजे एका माणसाच्या माघारीने दुसऱ्या दिवसाचे वेळापत्रक कोसळणार नाही. पठारावरील धावपट्ट्यांच्या टोकांना सुरक्षित पट्टा आणि धावते विमान अडविणारी व्यवस्था असावी. पाऊस पडत असताना मनोऱ्यात हवामानाचा माणूस हजर असावा. परत वर जाणाऱ्या वैमानिकाला कधीही जाब विचारला जाऊ नये आणि कनिष्ठाने नियमानुसार नियंत्रण हाती घेतले तर कंपनीने त्याच्या पाठीशी उभे राहावे. या मागण्यांत विलक्षण असे काहीच नाही. त्या अहवालांच्या पानांत आहेतच. कमी आहे तो त्यांचा पाठपुरावा करणारा नागरिक.

नागरिकांचे काम एवढ्यावर संपत नाही. सहवैमानिकाचे मौन विमानात जन्मत नाही. फळ्यावरचे गणित चुकले असे दिसूनही जो विद्यार्थी गप्प बसतो, साहेबांच्या टिपणीतील चूक ठाऊक असूनही जो कारकून फाइल पुढे सरकवितो, तोच उद्या कुठल्या तरी कक्षात ज्येष्ठाच्या शेजारी बसणार आहे. ज्येष्ठांचा आदर हा आपल्या समाजाचा गुण आहे. पण आदराने जीभ बांधली जाते तेथे तो गुण घातक ठरतो. चूक दाखविणाऱ्या मुलाला उद्धट न म्हणता शाबासकी देणारा शिक्षक विमान सुरक्षिततेचे काम करीत असतो, मग त्याने आयुष्यात विमान पाहिलेले असो वा नसो.

कॅप्टन साठे यांच्या चार दशकांच्या सेवेचे स्मरण जरूर व्हावे. त्यांची मानाची तलवार, जबर दुखापतीनंतरचे त्यांचे परतणे, साथीच्या काळात परदेशांतून माणसे घरी आणताना त्यांना आलेला मृत्यू, हे सारे खरे आहे. त्या सायंकाळचा चुकलेला निर्णयही तितकाच खरा आहे. या दोहोंपैकी एक पान फाडून टाकले की उरतो तो पुतळा किंवा आरोपी. माणूस उरत नाही. हवाई दलात चाचणी वैमानिक म्हणून काम केलेल्या साठे यांना हे सांगण्याची गरज पडली नसती. कारण चाचणी वैमानिकाचा सारा व्यवसायच, काय चुकले ते नेमके नोंदवून पुढच्याला सावध करण्याचा असतो. त्यांच्या नावे उभारण्याजोगे स्मारक तेच आहे : पुढच्या पावसाळ्यात एखादा कप्तान सड्यावरील ढग पाहून विमान वर नेईल, प्रवासी उशिरा पोहोचतील, आणि तरीही त्याला कोणी नावे ठेवणार नाही.